पाळी गेल्यावर हृदयाच्या बाबतीत या चुका टाळा

“वजन तर तेवढंच आहे, मग काळजी कसली?” पन्नाशीतल्या बायकांकडून हे सारखं ऐकू येतं. मला वाटतं, सगळ्यात मोठी चूक इथेच होते. पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन घटतं, स्नायू झिजतात आणि पूर्वी मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. काही हृदयाभोवतीही जमते. काट्यावरचा आकडा मात्र जागचा हलत नाही.

हृदयाभोवतीच्या चरबीचे दोन थर असतात. एक आवरणाच्या आत, हृदयाच्या स्नायूला चिकटून, तर दुसरा आवरणाबाहेर. आतली थोडी चरबी सगळ्यांनाच असते, हृदयाला ती इंधन पुरवते. ती वाढली की तिच्यातून पाझरणारी दाहकारक द्रव्यं हृदयाच्या रक्तवाहिन्यांना सरळ भिडतात, कारण मध्ये पडदाच नसतो. बाहेरच्या थराचं नातं थेट रजोनिवृत्तीशी आहे. इस्ट्रोजेन जितकं कमी, तितका हा थर जाड, असं अमेरिकेतल्या ‘स्वान’ या मध्यमवयीन स्त्रियांच्या आरोग्यावरच्या अभ्यासात २०१५ मध्ये दिसलं.

ईसीजीत ही चरबी दिसत नाही. म्हणून “ईसीजी नॉर्मल आला” एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. उठसूट सीटी स्कॅन करायचीही गरज नाही, कंबर मोजायला घरातली शिवणाची टेप पुरते. परकराची नाडी बांधता तिथे मोजू नका, पोट सुटलं की नाडी खाली सरकलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडून मोजा. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटरच्या वर धोका धरतात.

कंबर वाढलेली दिसली की बायका उपवास वाढवतात. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वर चहा. यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, मग स्नायू आणखी झिजतात. आठवड्यातून १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम, एवढं धरा. हृदय वाचावं म्हणून हार्मोनच्या गोळ्या घेऊ नका, त्या त्यासाठी नाहीत.

“माझी पिशवी काढलीय, आता कटकट संपली,” असं समजणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. त्यातल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. अंडाशयंही काढली असतील तर रजोनिवृत्ती तिथेच सुरू होते, आणि ठेवली असली तरी ती लवकर येऊ शकते. ४५ च्या आत पाळी गेलेल्या स्त्रीला हृदयविकाराचा धोका जास्त असतो. डॉक्टरांना हे आपणहून सांगा. रक्तदाब, साखर आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, दर वर्षी तपासा. एलडीएल तर पाळी जाण्याच्या आसपासच्या वर्षात चढतंच.

आणि शेवटची चूक, हृदयविकाराच्या झटक्याला पित्त समजणं. छातीत दुखणं बायकांनाही होतं, पण सोबत धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, दरदरून घाम असेल तर सोडा पिऊन पडून राहू नका. घरच्यांचा स्वयंपाक उरकायची वाट बघू नका. १०८ ला फोन लावा.