ऑपरेशनची तारीख मिळाली की गोळ्यांचा डबा लावायला घ्या

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरात जी धावपळ सुरू होते, ती दवाखान्यातल्या तीन-चार दिवसांपुरती असते. रजा कोण काढणार, रात्री थांबायला कोण, विम्याचे कागद कुठे आहेत. त्यानंतर जन्मभर घ्यायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा विचार मात्र डिस्चार्जच्या दिवशी, हातात चिठ्ठी पडल्यावर होतो. इंदूरला लोकमान्य नगरात माझं मेडिकलचं दुकान आहे. पेशंट गाडीत बसलेला, मुलगा किंवा दीर काउंटरवर घाईत उभा, आणि "ताई, यातलं जे असेल ते द्या, बाकीचं नंतर बघू" हे वाक्य मी पुष्कळदा ऐकते. ते "नंतर" राहूनच जातं. म्हणून माझा आग्रह आहे की ही तयारी तारखेच्या आधी महिनाभर सुरू करा. या ऑपरेशनचा निम्मा भाग सर्जन करतात, उरलेला निम्मा घरी या गोळ्यांनी पुरा होतो, असं मी अगदी मनापासून मानते.

सगळ्यात आधी सर्जनना एक प्रश्न विचारा आणि उत्तर वहीत लिहून घ्या: माझं ऑपरेशन नेमकं कोणतं? "पोट छोटं करणार" एवढ्यानं भागत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग काढून टाकतात, आतड्याला हात लावत नाहीत. बायपास आणि मिनी-बायपासमध्ये अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं, आणि लोह आणि कॅल्शिअम मुख्यतः तिथेच अंगी लागत असतं. शिवाय बी-12 शोषलं जायला जठरात तयार होणारं एक प्रथिन लागतं, ते या सगळ्याच ऑपरेशनांनंतर कमी पडतं. त्यामुळे शेजारच्या काकूंचं स्लीव्ह झालं होतं आणि त्या अमुक गोळी घेतात, म्हणून तुम्हीही तीच घ्यायची, हे चालणार नाही. आतड्याचा जितका जास्त भाग वगळला, तितकी गोळ्यांची गरज मोठी. मिनी हा शब्द ऐकून गरजही मिनी असेल असं समजू नका.

मग रक्ततपासणी, तीही ऑपरेशनच्या आधी. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12, फोलेट (म्हणजे फॉलिक ॲसिड), व्हिटॅमिन डी, कॅल्शिअम, पॅराथायरॉइड (रक्तातलं कॅल्शिअम सांभाळणारं हार्मोन) आणि थायरॉइड हे आकडे आधीच हातात असावेत. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-12 मुळातच खालावलेलं सापडतं, आणि उन्हाचा प्रदेश असूनही डी कमी निघतं. ही तूट ऑपरेशनच्या आधी भरून काढणं फार सोपं असतं, कारण तेव्हा पोट आणि आतडं पूर्ण कामात असतं. रिपोर्टची एक प्रत घरच्या फाइलमध्ये ठेवा. पुढच्या प्रत्येक रिपोर्टची तुलना याच्याशीच होणार आहे.

आता खरेदी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण गोंधळ इथेच होतो.

पाकिटाच्या पुढच्या बाजूला जे मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ते सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. कॅल्शिअमच्या स्ट्रिपवर "कॅल्शिअम कार्बोनेट 1250 मि.ग्रॅ." असं दिसलं की वाटतं एका गोळीत दिवसाचं काम झालं. त्याच ओळीत पुढे लिहिलेलं असतं की त्यातलं प्रत्यक्ष, म्हणजे एलिमेंटल कॅल्शिअम 500 मि.ग्रॅ. आहे. मोजायचं ते हेच. सायट्रेट असेल तर प्रमाण आणखी कमी: 1000 मि.ग्रॅ. सायट्रेटमध्ये कॅल्शिअम साधारण 210 मि.ग्रॅ. भरतं. तरीही या ऑपरेशननंतर बरेच डॉक्टर सायट्रेटच लिहितात, कारण कार्बोनेट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं आणि तेच आता कमी झालेलं असतं. त्यात पहिले काही महिने ॲसिडिटीची गोळीही चालू असते. स्लीव्ह आणि बायपासनंतर आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला 1200 ते 1500 मि.ग्रॅ. कॅल्शिअम पोटात जावं असं धरतात. पावशेर दुधातून त्यातलं सुमारे 300 मिळतं. एका वेळी 500-600 च्या वर घेतलं तर जास्तीचं नीट शोषलं जात नाही, म्हणून ते दोन-तीनदा विभागून घ्यायचं.

लोहाचंही तसंच. मल्टिव्हिटॅमिनमधलं लोह बहुतेकांना पुरत नाही. पाळी चालू असलेल्या बायका आणि बायपास किंवा स्लीव्ह झालेली माणसं यांच्यासाठी दिवसाला एकूण 45 ते 60 मि.ग्रॅ. प्रत्यक्ष लोह सांगतात. बी-12 तोंडानं रोज 350 ते 1000 मायक्रोग्रॅम, नाहीतर महिन्याला 1000 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. डी-3 रोज 3000 युनिट, रक्तातली पातळी 30 च्या (नॅनोग्रॅम प्रति मि.लि.) वर जाईपर्यंत. फोलेट 400 ते 800 मायक्रोग्रॅम, मूल होण्याच्या वयातल्या मुलींना त्याहून थोडं जास्त. जस्त आणि तांबं जोडीनं हवं: नुसतं जस्त भरपूर घेत राहिलं तर तांबं कमी होतं. हे आकडे तुमच्या चिठ्ठीच्या जागी घ्यायला सांगत नाही. चिठ्ठी आणि पाकीट शेजारी ठेवून ताडून बघता यावं, म्हणून दिले. तफावत फार दिसली तर डॉक्टरांना फोन करून विचारा.

"दिवसाची मात्रा: दोन गोळ्या" असं लिहिलेल्या डब्यावरचे आकडे दोन गोळ्यांचे असतात. एकच घेतली तर सगळं निम्मं. बाजारातल्या गमीज, म्हणजे जेलीसारख्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, चवीला छान असतात, मुलंही मागतात, पण त्यांत लोह सहसा नसतंच आणि बाकीचंही या ऑपरेशननंतर पुरेल इतकं नसतं. त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्याही नकोत, नव्या छोट्या पोटाला तो गॅस सोसत नाही. पहिले तीन ते सहा महिने चावून खायच्या गोळ्या किंवा पातळ औषध घ्या. मोठी गोळी घशाशी अडकल्यासारखी वाटते आणि उलटी होते. शाकाहारी असाल तर कॅप्सूलचं कवच कशाचं आहे, तेही आधीच बघून घ्या. ऐनवेळी कळलं की माणूस डबाच बंद करून ठेवतो.

आधी महिनाभराचंच घ्या. दवा बाजारात घाऊक स्वस्त मिळतं म्हणून वर्षाचा साठा करू नका, कारण ऑपरेशननंतर जिभेची चव बदलते. आज आवडलेली चॉकलेटच्या चवीची गोळी तेव्हा नाकाजवळही नको होते. पैशांची ओढ असेल तर जनऔषधी केंद्रात कॅल्शिअम-डी आणि बी-कॉम्प्लेक्ससारख्या गोळ्या पुष्कळ कमी किमतीत मिळतात. तिथेही नाव न बघता घटक बघून घ्या. खर्च परवडत नाही म्हणून गुपचूप गोळ्या बंद करणारी माणसं मी पाहते, आणि वाईट वाटतं. मेडिकलवाल्याला मोकळेपणी सांगा, तेच घटक असलेला स्वस्त पर्याय सुचवून डॉक्टरांना विचारता येतं.

साठ हजार युनिटच्या डी-3 च्या पुडीबद्दल वेगळं सांगायला हवं. ती आठवड्यातून एकदा, डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे, दुधातून किंवा जेवणानंतर घ्यायची असते. रोज घेऊन चार पुड्या संपवलेला माणूस पाचव्या पुडीसाठी दुकानात आला की माझ्या पोटात गोळा येतो. डी शरीरात साठून राहतं, अति झालं तर रक्तातलं कॅल्शिअम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो. कॅलेंडरवर वार ठरवून पुढे खूण करा.

खरेदी झाली की वेळापत्रक. कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि मोबाइलमध्ये गजर भरा. दोन नियम पक्के: लोह आणि कॅल्शिअम यांच्यात किमान दोन तास, आणि थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यात आणि या दोघांत चार तास. इंदूरच्या घरात हे असं बसतं. पहाटे उठल्यावर थायरॉइडची गोळी. आठच्या सुमारास नाश्ता आणि चहा. मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह असतं आणि चहा लोहाला आडवा येतो, म्हणून ती साडेदहाला. एक वाजता जेवणाबरोबर पहिलं कॅल्शिअम, संध्याकाळी सहाला दुसरं. लोह रात्री दहाला, लिंबाच्या चार थेंबांच्या पाण्याबरोबर. रात्री झोपताना दूध पिण्याची सवय असेल तर ते दूध संध्याकाळच्या कॅल्शिअमपाशी सरकवा. नाश्त्याला पोहे खा, पण डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, चार चमचे आणि सोबत दही किंवा पनीर. जिलबी मात्र बायपासवाल्यांनी टाळाच: पाकातली साखर एकदम आतड्यात उतरली की घाम, धडधड आणि जुलाब होतात.

ऑपरेशनच्या आधीच आठवडाभर या वेळापत्रकाची रंगीत तालीम करा, डॉक्टरांनी आधीपासून सुरू केलेल्या गोळ्या घेऊन. कुठली वेळ ऑफिसात जमत नाही, कुठल्या गोळीनं मळमळतं, हे तेव्हाच कळेल. नंतर पाणीसुद्धा घोट घोट प्यायचं असतं आणि जेवताना पाणी चालत नाही, त्यामुळे दोन गोळ्या एका घोटात हा प्रकार संपतो. एका वेळी एक, सावकाश.

घरातल्या बाकीच्या औषधांची पिशवीही डॉक्टरांपुढे एकदा ओता. नावापुढे एसआर, एक्सआर लिहिलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या आता नीट लागू पडतील का, हे त्यांना ठरवू द्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ चालल्या तर बी-12 आणखी खाली जातं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या अंगदुखीच्या गोळ्या कपाटातून काढूनच टाका. बायपासनंतर त्यांनी जठर आणि आतडं जिथे जोडलेलं असतं त्या जागी व्रण होतात. दुखलं-खुपलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून.

आता जे सांगते ते घरातल्या प्रत्येकानं वाचावं. बी-12 चा साठा यकृतात वर्षानुवर्षं पुरतो, पण बी-1 चा, म्हणजे थायमिनचा, दोन-तीन आठवड्यांत संपतो. ऑपरेशननंतर सतत उलट्या होत असतील, काहीच पोटात राहत नसेल, तर तो साठा भराभर रिकामा होतो. मग चालताना तोल जातो, दोन-दोन दिसतं, डोळे विचित्र हलतात, माणूस असंबद्ध बोलतो. अशा वेळी घरचे "अशक्तपणा आलाय, एक बाटली चढवून आणू" म्हणून जवळच्या दवाखान्यात नेतात. त्या बाटलीत ग्लुकोज असेल आणि आधी थायमिन दिलेलं नसेल, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून एक कार्ड करा. त्यावर ऑपरेशनचं नाव, तारीख, सर्जनचा फोन आणि ठळक अक्षरांत एक ओळ: "ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या." एक पाकिटात, एक नवऱ्याकडे किंवा बायकोकडे, एक गाडीच्या कागदांत. देवास, महू, खरगोनहून इथे ऑपरेशनला येणाऱ्यांनी तर हे नक्की करावं, कारण त्रास झाला तर पहिली गाठ गावातल्या डॉक्टरांशी पडणार, आणि त्यांच्यासमोर तुमची फाइल नसणार. उलट्या दोन दिवसांच्या वर गेल्या तर वाट न बघता सर्जनना फोन करा.

उपासाचाही विचार आधी करून ठेवा. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र: गोळी चुकवायची नाही. औषधानं उपास मोडत नाही, हे घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवलं म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही. नुसती साबुदाण्याची खिचडी खाऊन दिवस काढणंही आता नको. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं जायला हवीत, ती त्यात नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात. वजन झपाट्यानं उतरल्यानं हे होतं आणि बहुतेकांचं आपोआप थांबतं. पण घाबरून लोक बायोटिनचे, म्हणजे केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या व्हिटॅमिनचे, मोठे डोस सुरू करतात. बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबला सांगा, थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे त्यानं चुकीचे येतात. आधी फेरिटिन आणि प्रथिनं बघा.

मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर 12 ते 18 महिने थांबायला सांगतात. त्या काळात गर्भनिरोधाचं काय, हे डॉक्टरांशी स्पष्ट बोला, कारण वजन उतरू लागलं की गर्भ राहण्याची शक्यता वाढते. दिवस राहिले तर व्हिटॅमिन ए कोणत्या रूपात घ्यायचं, ते बदलावं लागतं.

रक्ततपासणीच्या तारखा आजच कॅलेंडरवर टाका: तिसरा, सहावा, बारावा महिना, आणि मग दर वर्षी. पहिलं वर्ष बहुतेक माणसं नेटानं करतात. वजन उतरलेलं असतं, कपडे सैल झालेले असतात, सगळे कौतुक करत असतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी "आता मला काही होत नाही" म्हणून डबा मागे पडतो, आणि बी-12 चा यकृतातला साठा नेमका त्याच सुमारास तळाला जातो. तळपायाला मुंग्या, जिभेला आग, विसरभोळेपणा अशी सुरुवात होते. फॉलिक ॲसिड चालू असेल तर रक्ताचा रिपोर्ट चांगला दिसतो आणि आत नसांची हानी होतच राहते. म्हणून काही होत नसतानाच तपासायचं.

तपासणीला जाताना रिकाम्या स्ट्रिपा आणि डबे फेकू नका. कापडी पिशवीत भरून न्या, सोबत पहिल्या रिपोर्टची प्रत. "लाल गोळी आणि एक पांढरी" यावरून डॉक्टरांना काही कळत नाही, मागच्या बाजूची बारीक अक्षरं त्यांना दिसली की दोन मिनिटांत सांगता येतं, काय वाढवायचं आणि काय थांबवायचं.