‘क’चा पाय मोडा: मुलांना वाचायला शिकवताना या चुका टाळा

जून सरत आला की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जिन्यात छोट्या चपला वाढायला लागतात. २२ वर्षं मी प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं, आता संध्याकाळी घरीच मुलांचं वाचन घेते. दरवर्षी आई-बाबा नवे असतात, तक्रार तीच असते. ‘ताई, एबीसीडी तोंडपाठ आहे, पण तीन अक्षरी शब्द वाचत नाही. शाळेत फोनिक्स शिकवतात म्हणे, आम्हाला ते कधी शिकवलंच नव्हतं.’

खरंच नव्हतं. आपण ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ असं घोकत मोठे झालो. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज साधारण ४४. फोनिक्समध्ये मूल आधी अक्षराचा आवाज शिकतं, मग आवाज जोडून शब्द वाचतं. पद्धत चांगली आहे आणि माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. बिघडतं ते घरच्या अभ्यासात, कधी कधी वर्गातही. त्यातल्या दोन चुका बघून बघून मी थकले आहे, म्हणून त्या आधी घेते.

प्रत्येक आवाजाला ‘अ’ चिकटवणं

मागे एका पावसाळ्यात मांजलपूरहून एक वडील मुलाला घेऊन आले. मुलगा पहिलीत, चुणचुणीत. जिना चढताना पायऱ्या मोजून आला आणि वर आल्या आल्या मला सांगितलं, ‘सतरा आहेत.’ शाळेतून चिठ्ठी आली होती: वाचनात मागे आहे, वेगळी शिकवणी लावा. वडिलांनी फार कष्ट घेतले होते. दोनशे पानी वहीत सुंदर अक्षरात प्रत्येक इंग्रजी अक्षराखाली मराठी अक्षर लिहून काढलं होतं. बीखाली ब, सीखाली क, डीखाली ड, एमखाली म. रोज रात्री जेवणं झाली की अर्धा तास तेच.

मी पाटीवर इंग्रजीत ‘बेड’ लिहिलं. मुलाने बोट ठेवलं. ‘ब, ए, ड.’ मग जोडून म्हणाला, ‘बएड.’ आणि माझ्याकडे बघत थांबला, कारण त्याच्या घरात ‘बएड’ नावाची वस्तूच नव्हती. ‘मिल्क’ लिहिलं, त्याचं ‘मइलक’ झालं. ‘स्टॉप’चं ‘सटऑप’. मुलाचं काही चुकत नव्हतं, जे शिकवलं ते तो इमानाने करत होता.

आपल्या लिपीची ही गंमत आपल्या अंगवळणी पडलेली असते, म्हणून लक्षात येत नाही. आपला ‘ब’ म्हणजे ब् अधिक अ. इंग्रजीतल्या बीच्या आवाजात तो अ नसतो. प्रत्येक अक्षरामागे एक जादा अ ओढत नेला की शब्द फुटतो आणि मुलाला तो ओळखूच येत नाही. शब्द जेवढा लांब, तेवढी फाटाफूट जास्त.

मी लाल पेन्सिल घेतली आणि वहीतल्या एकेका मराठी व्यंजनाचा पाय मोडत गेले. ब्, क्, ड्, म्. वडील शेजारी बसून बघत होते. म्हणाले, ‘म्हणजे एवढा पाय मोडायचा राहिला होता?’ हो, एवढाच.

पण नुसता ‘क्’ तोंडाने काढायचा कसा? इथे आपली मराठी कामाला येते. आपण ‘नाक’ लिहितो, पण बोलताना शेवटचा अ गिळतो. ‘नाक’ म्हणा आणि शेवटचा आवाज तेवढा पकडा. तो क्. ‘पोट’च्या शेवटी ट्, ‘झाड’च्या शेवटी ड्, ‘आग’च्या शेवटी ग्, ‘हिशेब’च्या शेवटी ब्, ‘माप’च्या शेवटी प्. मूल हे आवाज जन्मापासून बरोबर काढतंय, फक्त कोणी त्याला दाखवून दिलेलं नसतं. मी गळ्यावर बोटं ठेवायला लावते आणि शब्दाचं शेपूट ऐकायला सांगते. एका आठवड्यात मुलांचे कान तयार होतात.

दुसरं असं की सुरुवात ब्, ड्, ग् यांनी करू नका. म्, स्, न्, फ्, ल् हे आवाज ताणता येतात. ‘म्म्म्’ म्हणत म्हणत श्वास न तोडता पुढच्या आवाजावर जायचं, ‘म्म्मॅन्’. ताणता येणारा आवाज असला की जोडणं मुलाला आपोआप कळतं. तुटक तुटक म्हणायला लावून मग ‘आता जोड’ म्हटलं तर ते बिचारं काय जोडणार?

दिवाळीच्या सुट्टीआधी त्या वडिलांचा फोन आला. सकाळी मुलगा फ्रीज उघडून दुधाची पिशवी हातात घेऊन उभा राहिला होता. ‘पप्पा, इथे मिल्क लिहिलंय.’ शिकवणी लावावी लागली नाही.

पाठ म्हणून दाखवलं, त्याला वाचन समजणं

ही चूक मी स्वतः केली आहे. नोकरीचं दुसरंच वर्ष होतं. वर्गात एक मुलगी होती, पुस्तक उघडलं की ओळीवर बोट फिरवत खडाखडा वाचायची. पालकांच्या मीटिंगमध्ये मी तिलाच उभं करायचे. वाचनात पैकीच्या पैकी मार्क दिले. एप्रिलमध्ये एक दिवस ती पुस्तक घरी विसरली, म्हणून मी तेच पहिलं वाक्य फळ्यावर लिहिलं. ती गप्प. मी म्हटलं, वाच ना. ती म्हणाली, ‘टीचर, हा धडा आपला झालाच नाहीये.’

वर्षभर रोज ‘वाचलेला’ धडा. फळ्यावर शेजारचं चित्र नव्हतं, एवढाच फरक होता. चित्र दिसलं की तिला वाक्य आठवायचं, अक्षरांकडे तिने कधी पाहिलंच नव्हतं. आणि मी ते वर्षभर तपासलं नाही. दुसरीत गेल्यावर तिला पुन्हा पहिल्या आवाजापासून सुरुवात करावी लागली. त्याची टोचणी मला अजून आहे.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली. मूल वाचून दाखवायला लागलं की मी चित्रावर तळहात ठेवते. मग ओळ शेवटच्या शब्दाकडून पहिल्या शब्दाकडे वाचायला लावते. मग त्यातलेच चार शब्द कोऱ्या कागदावर उलटसुलट लिहून देते. पाठांतर असेल तर इथे उघडं पडतं. मुलाला रागवायचं मात्र नाही. पाठ होणं वाईट नाही, त्यावर आपण ‘वाचता येतं’ असा शिक्का मारणं वाईट.

आणि ‘चित्र बघ आणि ओळख’ हे तर मुळीच सांगू नका. चित्रात कुत्रा दिसला की मूल ‘डॉग’ लिहिलेलं असताना ‘पपी’ म्हणतं आणि आपण मान डोलावतो. मोठ्या इयत्तेत चित्रं जातात, तेव्हा अशा मुलांच्या पायाखालची जमीन जाते.

बऱ्याच पालकांना राग येतो की शाळेत अर्थ नसलेले शब्द का वाचायला लावतात. कारण हेच. इंग्लंडमध्ये २०१२पासून ‘इयर वन’ या वर्गातल्या, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलांची फोनिक्स चाचणी होते, त्यात ४० शब्द असतात आणि त्यातले २० निव्वळ बनवलेले. बनवलेला शब्द पाठ असूच शकत नाही, तो आवाज जोडूनच वाचावा लागतो. मीही ‘टॅस’, ‘निस’ असे शब्द लिहून देते, आठवड्यातून एकदा, पाच-सहाच. रोज देऊ नका. वाचलेल्याला अर्थ असतो हे मुलाला विसरायला लावायचं नाही.

अर्थाची काळजी करणाऱ्या पालकांचं म्हणणं मला पटतं. गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली वाचन म्हणजे शब्द उलगडणं गुणिले भाषा समजणं, असं मांडलं. गुणाकार आहे, म्हणजे एक बाजू शून्य असली तर सगळं शून्य. म्हणून घरी मराठीत भरपूर बोला. आंघोळीच्या पाण्यापासून कमाटी बागेतल्या झाडांपर्यंत सगळ्याबद्दल बोला. मुलाला गोष्ट ऐकून समजायला लागली की ती समज इंग्रजी पानावरही त्याच्यासोबत येते. ‘इंग्रजी सुधारावं म्हणून आम्ही घरी मराठी बंद केलं’ हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

तिन्ही लिप्या एकदम

हा आपल्या बडोद्याचा खास प्रश्न. घरात मराठी, शाळा इंग्रजी, आणि गुजराती तर शिकायचीच आहे. २०२३च्या कायद्याने गुजरातमधल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत ती पहिली ते आठवी सक्तीची आहे. गुजरातीला माझा अजिबात विरोध नाही, या शहराची ती भाषा आहे. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत तिन्ही लिप्यांच्या वह्या एकाच वेळी सुरू करणारे पालक बघितले की मी हात जोडते.

मी आधी एक लिपी पक्की करते. देवनागरी असो वा गुजराती, वर्णमाला एकच आहे. क, ख, ग तेच, बाराखडी तीच, ‘ळ’सुद्धा दोन्हीकडे आहे. एक आली की दुसरी म्हणजे आकार बदलणं. गुजरातीत शिरोरेषा नाही, हे मुलाला आधी सांगून टाका, नाहीतर ते आपल्या वहीतल्याही रेघा गाळतं. गुजराती ‘र’ आणि दोनचा आकडा, ‘प’ आणि पाचचा आकडा दिसायला सारखे, त्यावर मुलं हमखास अडतात. वेलांटीकडेही लक्ष असू द्या. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि आवाज मागून येतो. इंग्रजीत जे डावीकडे ते आधी, अशी सवय लागलेलं मूल तिथे गोंधळतं.

आणि एक फायदाही आहे, तो कोणी वापरत नाही. इंग्रजी सी कधी क् आणि कधी स् का म्हणतो, असं मुलाने विचारलं तर ‘इंग्रजीला काही नियमच नाही’ असं म्हणू नका. ‘चाक’ आणि ‘चिमणी’ म्हणायला सांगा. एकच च, आवाज दोन. ‘जहाज’ आणि ‘जेवण’ तसंच. मुलाचा चेहरा बघा, प्रश्न मिटलेला असतो.

बाकीच्या, थोडक्यात

भिंतीवर मोठ्या एबीसीडीचा तक्ता लावून तिथून सुरुवात करणं. कुठलंही पुस्तक उघडा, जवळजवळ सगळी अक्षरं लहान लिपीतली असतात. आधी ती शिकवा.

‘शाळेत क्रमाने शिकवत नाहीत’ म्हणून घरी ए ते झेड घेणं. बऱ्याच शाळा एस, ए, टी, पी, आय, एन या सहांपासून सुरू करतात, कारण तेवढ्यात ‘सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन’ असे कितीतरी शब्द होतात. ए, बी, सी, डीमध्ये किती होतात ते मोजून बघा.

‘पेन’ आणि ‘पॅन’, ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला फरक कानाला न शिकवता थेट लिहायला लावणं. जे ऐकू येत नाही ते लिहिता येणार कसं? आधी आठवडाभर नुसतं ऐकून ओळखायला सांगा.

‘द’, ‘वॉज’, ‘सेड’ हे शब्दही आवाज जोडूनच वाचायला लावणं. ते सरळ बसत नाहीत. थोडे आहेत, नीट बघून पाठ करवा.

तीस दिवसांत वाचन शिकवणारे क्लास आणि मोबाइलमधली गाणी. गाण्यात मूल नाचतं, वाचत नाही. मी जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोन कापते, त्यावर स्केचपेनने अक्षरं लिहिते आणि मुखवासाच्या रिकाम्या डबीत ठेवते. दिवेलागणीनंतर दहा मिनिटं, रोज. खर्च शून्य. पालकांना हे पटत नाही, कारण यात त्यांना स्वतः बसावं लागतं.

चार वर्षांच्या मुलाकडून वाचनाची अपेक्षा. गुजरातमध्ये पहिलीत प्रवेशाला १ जूनला ६ वर्षं पूर्ण लागतात. त्याला कारण आहे. तोवर यमक, गाणी, ‘म पासून काय काय’ असले कानाचे खेळ खेळा.

बी आणि डी उलटे लिहिले की घाबरणं. सातव्या वर्षापर्यंत पुष्कळ मुलं लिहितात. मात्र नीट शिकवूनही आठव्या वर्षी साधे शब्द जोडता येत नसतील तर थांबू नका. आधी कान आणि डोळे तपासून घ्या, मग तज्ज्ञांकडे जा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे लपवण्यासारखं त्यात काही नाही.

मूल स्वतः वाचायला लागलं की त्याला वाचून दाखवणं बंद करणं. कृपा करून करू नका. १९१० साली सेंट्रल लायब्ररी उभी राहिली ते हे शहर, आणि इथल्या घरांत मुलासाठी गोष्टीचं एक पुस्तक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शाळेत जाऊन नुसतं ‘मागे का?’ विचारणं

त्या प्रश्नाला टीचर ‘घरी सराव घ्या’ एवढंच म्हणणार. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. आतापर्यंत कोणते आवाज शिकवून झाले? माझं मूल त्यातल्या कुठल्या आवाजावर अडतं? आणि घरी पाठवता ती पुस्तकं त्याच आवाजांची असतात का? आवाज सहा झालेत आणि पुस्तकात ‘एलिफंट’ आहे, असं असेल तर मी पालकांना ते पुस्तक डायरीत चिठ्ठी लिहून परत पाठवायला सांगते: ‘हे आम्ही वाचून दाखवलं. त्याला स्वतः वाचता येईल असं दुसरं द्यावं.’