ऑस्ट्रेलियाचा पार्टनर व्हिसा: ठरवून झालेल्या लग्नाचे पुरावे कसे जमवायचे

नवरा मेलबर्नला, बायको पुण्यात, लग्न घरच्यांनी ठरवलेलं आणि आता ३०९ चा, म्हणजे ऑस्ट्रेलियाबाहेरून मागायच्या तात्पुरत्या पार्टनर व्हिसाचा अर्ज टाकायचाय. अशा वेळी पहिली भीती हीच की आमची आधीची ओळखच नव्हती, मग नातं खरं आहे हे दाखवायचं कसं? अजिबात घाबरू नका, आणि ठरवून झालंय हे लपवू तर मुळीच नका, सरळ लिहा.

तिथले अधिकारी मुख्यतः चार बाजू बघतात: पैशांचे व्यवहार, घर-संसार, लोकांमध्ये नवरा-बायको म्हणून असलेली ओळख आणि एकमेकांशी बांधिलकी. एखादी बाजू कमी पडत असेल तर ती का कमी आहे ते लिहून द्या.

सगळ्यात आधी स्टेटमेंट, म्हणजे तुमच्या नात्याची हकिगत, लिहायला घ्या. दोघांनी वेगवेगळं, आपापल्या शब्दांत, नेटवरचा नमुना उतरवून नको. स्थळ कुणी आणलं, पहिल्यांदा काय बोललात, होकार कधी दिला, साखरपुडा, लग्न, मग नवरा परत कधी गेला, पुढे कुठे राहायचं ठरवलंय, सगळं येऊ द्या. तारखा मात्र पत्रिका, तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के यांच्याशी ताडून बघा, कारण एकाने साखरपुडा मार्चमध्ये लिहिला आणि फोटो मेचे निघाले तर शंका येणारच.

मॅरेज सर्टिफिकेट लागतंच, नुसती पत्रिका चालत नाही. फोटो मोजके निवडा आणि स्टेजवरचेच भरू नका, केळवण, सासरचा पहिला सण, दोघांची ट्रिप असे वेगवेगळ्या दिवसांचे घ्या, खाली तारीख, जागा आणि कोण कोण आहे ते लिहा. व्हॉट्सॲपचं अख्खं चॅट टाकू नका, दर महिन्यातली थोडी पानं आणि कॉल लॉग पुरतात, मराठी मजकुराचं इंग्रजी भाषांतर जोडा. पैशांच्या बाजूसाठी ट्रान्सफरच्या नोंदी, विम्यात किंवा तिकडच्या सुपरमध्ये (निवृत्तीच्या फंडात) जोडीदाराचं नाव.

खरी अडचण येते ती घर-संसाराची, कारण एकत्र राहायला मिळतं ते सुट्टीपुरतंच. मग त्या दिवसांचंच नीट लिहा, कुणाच्या घरी राहिलात, खर्च कोण बघत होतं, स्वयंपाक, बाजारहाट कसं चालायचं. आत्ता लांब का आहात तेही सांगा, नोकरी, रजा, व्हिसा. तिकडे दोघांसाठी घर शोधताना एकमेकांना पाठवलेल्या लिंक, भाड्यावरून झालेली चर्चा, हेही पुरावेच आहेत, आणि लोक नेमकं हेच टाकायचं विसरतात.

फॉर्म ८८८, म्हणजे नातं खरं असल्याची साक्ष, तुम्हा दोघांना ओळखणाऱ्या दोन सज्ञान माणसांकडून घ्या, ऑस्ट्रेलियाचे नागरिक किंवा पीआर (कायमचे रहिवासी) असलेल्या. लग्नाला आलेली तिकडची आत्या किंवा मित्र उत्तम. त्यांनी "छान जोडपं आहे" एवढंच न लिहिता स्वतः काय पाहिलं ते लिहावं. इकडच्या आईवडिलांची पत्रं त्यासोबत जोडता येतात.

अपलोड करताना विषयवार पीडीएफ करा, फाइलला समजेल असं नाव द्या.

आणि अर्ज गेला म्हणून थांबू नका, निकाल येईपर्यंत नवीन तिकिटं, फोटो, व्यवहार टाकत राहा. कायमच्या १०० व्हिसासाठी अर्जापासून साधारण दोन वर्षांनी पुन्हा पुरावे द्यावे लागतात, म्हणून तिकडे पोचल्यावर भाडेकरार आणि वीजबिल पहिल्यापासूनच दोघांच्या नावावर घ्या.