जुना शिकारी सुरा बघायला जाण्याआधी

सुरा कुणाच्या घरी बघायचा असेल तर आदल्या दिवशीच फोन करून सांगा, "काका, आहे तसा राहू द्या, पुसूसुद्धा नका." कुणी बघायला येणार म्हटले की मुठीपुढची पितळी आडपट्टी चिंचेने घासायची आणि पात्यावर पॉलिश पेपर फिरवायचा, ही हौस सोलापुरात घरोघरी. त्यात पात्याची करडी झाक जाते, सोबत बनवणाऱ्याचा उथळ शिक्काही. त्याच फोनवर मूठ कशाची आहे तेही विचारून घ्या. उत्तर "सांबरशिंग" आले तर पैशांची बोलणी तिथेच थांबवा. वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे (१९७२) अशा वस्तूला मालकी प्रमाणपत्र लागते, आणि ते असले तरी ती वारसाने मिळते, विकता येत नाही. "आजोबांच्या वेळची आहे हो" म्हणून भागत नाही. आधी वनविभागात विचारावे.

पिशवीत भिंग, बॅटरी, मोजपट्टी, मऊ सुती फडके, वही आणि सुरा ठेवायला जुन्या चादरीचा तुकडा असू द्या. लोहचुंबक नेऊ नका. सुऱ्यांचे स्टेनलेस पोलादही बहुधा त्याला चिकटते, मग कळणार काय? मूठ ओळखायला तापवलेली सुई टोचणारे भेटतात, त्यांच्यापासून तर सुरा लांबच ठेवा. मूठ जुन्या सेल्युलॉइडची, म्हणजे सुरुवातीच्या प्लॅस्टिकची असेल तर ती भपकन पेटते. त्यापेक्षा भिंगातून बघा: हाडावर बारीक छिद्रे आणि रेघा दिसतात, सांबरशिंगाच्या कापलेल्या टोकाला मधे सच्छिद्र गाभा असतो, प्लॅस्टिकवर साच्याची शिवण सापडते.

वहीत घरूनच काही साले लिहून न्या, कारण समोर सुरा आला की डोके चालत नाही. शिक्क्यातल्या देशाच्या नावाचा आधार म्हणजे अमेरिकेचा १८९० चा कायदा; तिकडे जाणाऱ्या मालावर देश लिहिणे त्याने सक्तीचे झाले. पण तो नियम अमेरिकेचा. आपल्याकडे आलेल्या शेफील्डच्या सुऱ्यावर 'इंग्लंड' नाही, म्हणून तो त्याआधीचा ठरत नाही, हे व्यापारी सोयीने विसरतात. 'व्ही. आर.' ही व्हिक्टोरिया राणीची अक्षरे, तिची कारकीर्द १८३७ ते १९०१. 'जी. आर.' मात्र फसवे: चौथा जॉर्ज १८३० ला गेला आणि पाचवा १९१० ला गादीवर आला, मधे ऐंशी वर्षे. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा शिक्का, तारा आणि माल्टीज क्रॉस (टोकांकडे रुंद होणारा क्रूस), पाठच करा, नक्कल त्याचीच जास्त. 'स्टेनलेस' लिहिले असेल तर १९१३ च्या आधी जाऊच नका, 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९०.

यातले प्रत्येक साल खात्रीने "याच्या आधीचा नाही" एवढेच सांगते. म्हणून सुऱ्यातला सगळ्यात नवा भाग शोधायचा. राणीच्या शिक्क्याच्या सुऱ्याला फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला, तर मूठ १९३० च्या दशकानंतर कुणीतरी बसवली आहे. पाते खरे असेलही, पण भाव अख्ख्या सुऱ्याचा देऊ नये. म्यानाला मी शेवटी हात लावतो. ते हरवते, बदलते, दुसऱ्याच सुऱ्याचे निघते. मुठीतल्या भेगांवरून वय काढू नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात कालची मूठही तडकते. नजर तयार करायची तर अक्कलकोटच्या राजवाड्यातले शस्त्रागार आधी पाहून या, न घासलेले जुने लोखंड कसे दिसते ते तिथे कळेल.

पाते मोजल्याशिवाय उचलू नका. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्र नियमांच्या यादीत येते. पोलीस आयुक्तालयात चौकशी करूनच पुढचे बोला. शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा, शस्त्र बाळगण्यावरचा मनाई आदेश चालू आहे का तेही बघा, विशेषतः सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत. घरी नेताना पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा हात द्या, पाते कागदात गुंडाळा आणि म्यान वेगळे ठेवा. कातड्यातली ओल पात्याला गंज चढवते.