परसातल्या वेलींवरची कीड

बेळगाव, खानापूरकडं मिरग लागला की परसात दोडका, कारलं, काकडी टोचली जाते. पण आषाढाच्या झडीत फवारा टिकत नाही, म्हणून हातानं करायची कामं आधी.

रोप दोन-चार पानांचं असताना पानांना भोकं पडली, तर तांबडे भुंगेरे शोधा. नारिंगी, सात-आठ मिलिमीटर लांब. सकाळी लवकर ते सुस्त असतात, तेव्हाच साबणाच्या पाण्यात झटकावेत. ऊन चढलं की उडून जातात. पानांवर चुलीची चाळलेली राख भुरभुरावी, पाऊस पडला की पुन्हा. अळ्या मातीत राहून मुळं खातात, त्यामुळं बुंध्याजवळची माती अधूनमधून वरवर हलवावी.

घेवड्याच्या, पावट्याच्या शेंड्यांवर मुंग्यांची रांग दिसली तर पान उलटून बघा, बहुधा मावा (रस शोषणारी बारीक कीड) असतो. जास्त माखलेला शेंडा खुडून टाका. उरलेल्याला एक लिटर कोमट पाण्यात 1-2 मिली पातळ साबण, मग 5 मिली कडुनिंबाचं तेल ढवळून, पानांच्या खालच्या बाजूनं मारा. साबण कमी पडला की तेल वर तरंगतं आणि पानं करपतात. आधी दोन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी बघा. वेळ उन्हं कलल्यावरची, पण दोडक्याची फुलं तेव्हाच उमलतात, ती वाचवा. मगरीसारखी दिसणारी काळसर, नारिंगी ठिपक्यांची अळी मारू नका. ती ढालकिड्याचं पिल्लू, मावा खाते.

निपाणीकडं तंबाखू हाताशी असतो म्हणून काहीजण त्याचा काढा मारतात. खायच्या भाजीवर तो नकोच. निकोटिन कातडीतूनसुद्धा अंगात भिनतं.

खरं नुकसान फळमाशी करते. कोवळं कारलं एका बाजूनं वाकलं, सालीवर डिंकासारखा थेंब आला, की आत पांढऱ्या अळ्या आहेत समजा. आता फवारून उपयोग नाही. मादीफुलाच्या पाकळ्या सुकल्या की लगेच फळाला पातळ सुती कापडाची सैल पिशवी बांधा. प्लॅस्टिकमध्ये पाणी साचून फळ कुजतं. किडलेलं फळ खतखड्ड्यात टाकलं तर अळ्या मातीत कोष करतात आणि माशा परत मांडवावर येतात. ते जाड पिशवीत घट्ट बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवा, ऊन नसेल तर दोन फूट खोल पुरा.

सापळा लावायचा तर दुकानात ‘क्यू ल्यूर’ (माशीला ओढणारं गंधाचं आमिष) मागा. आंब्यावरच्या माशीसाठीचा मिथाइल युजेनॉल या आमिषाचा सापळा वेलींवरच्या माशीला चालत नाही. क्यू ल्यूरमध्येही फक्त नर सापडतात, तेव्हा सापळा भरला म्हणून पिशव्या सोडू नका.