गावच्या फरशीवरच्या आकड्याला नावं कशी शोधायची

कोकणात आणि साताऱ्याकडे बऱ्याच गावांत चावडीच्या, शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत एक पांढरी फरशी बसवलेली असते. इंग्रजीत मजकूर असतो: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके जण गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, आणि नाव एकाचंही नाही. पोरं तिच्यावर बॉल मारतात, निवडणुकीत तिच्या शेजारी पोस्टर लागतं.

जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशा आकड्यांना नावं शोधायचं काम मी बरीच वर्षं करतोय. आता इतर लोकही करायला लागलेत ही चांगली गोष्ट आहे, पण जे सल्ले फिरतात ते ऐकून डोकं उठतं. सगळ्यात पहिला सल्ला असतो, "दिल्लीला इंडिया गेटवर सगळी नावं कोरलीत, फोटो काढून आणा." तिथे तेरा हजारांहून थोडी जास्त नावं आहेत. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानी फौजेतले चौऱ्याहत्तर हजारांवर लोक गेले. गेटवरची नावं मुख्यतः वायव्य सरहद्दीवरच्या आणि १९१९ च्या अफगाण युद्धातल्या लोकांची आहेत. आपल्याकडचे शिपाई बहुतेक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये मेले. ते दिल्लीत सापडणार नाहीत.

ते बसऱ्याला आहेत. तेही कागदावर. बसरा स्मारकावर चाळीस हजारांवर लोकांची नोंद आहे, पण कोरताना गोऱ्यांची नावं घातली, हिंदुस्थानी अंमलदारांची, म्हणजे सुभेदार-जमादारांची घातली, आणि शिपाई, नाईक, हवालदार यांचा पलटणीवार नुसता आकडा टाकला. गावच्या फरशीवर आकडा, तिकडे वाळवंटातही आकडाच. हे स्मारक १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्याला नेलं. तेव्हा तिथे जाऊन दर्शन घ्यायचा बेत मनातून काढा.

नावं मिळतात ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर. फुकट आहेत, घरबसल्या आहेत. हिंदुस्थानी फौज निवडा, पहिलं महायुद्ध निवडा, आणि पलटणी एकेक करून घ्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ मराठा. त्यानंतर खडकीचे तिसरे सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे फौजेतले बांधकाम-सुरुंगवाले. त्यांच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला जवळजवळ कापल्या गेल्या, आणि त्यांतली माणसं तिथल्याच स्मारकावर सापडतात. सॅपर्सनंतर १११ महार. खेचरवाले, पाणके, लेबर कोअरवाले विसरू नका. मिळालेली यादी एक्सेलमध्ये उतरवून घ्या. हे एका रविवारचं काम आहे, त्यात काही अवघड नाही.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. आडनावाच्या रकान्यात नुसतं "मोरे" टाकून शोधाल तर हाती फारसं लागणार नाही. आपल्या शिपायांचं अख्खं नाव बहुतेक वेळा आडनावाच्याच रकान्यात कोंबलेलं असतं. त्यामुळे आधी नाव शोधत बसू नका. जादा माहितीचा जो रकाना असतो त्यात जिल्ह्याचं नाव टाकून शोधा. तिथे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं ओळीने लिहिलेलं असतं. सगळ्यांचं नसतं, पण पुष्कळांचं असतं.

आता खरी गोम सुरू होते. इथे मी तीन वर्षं आपटलोय, म्हणून इथेच रेंगाळतो.

ते गाव इंग्रजीत लिहिलंय. लिहिणारा पलटणीतला कारकून, त्याला कोकण कुठे आहे हे माहीत असेलच असं नाही. सांगणारा आपला अठरा वर्षांचा पोरगा, त्याला इंग्रजी अक्षर माहीत नाही. पोरगा नाकात बोलला, कारकुनाने जमेल तसं लिहिलं, पुढे लंडनला ते टंकलं गेलं, आणि शंभर वर्षांनी कुणीतरी ते संगणकावर चढवलं. चार हातांतून गेलेलं नाव आहे ते. जाधवाचं मला जाधाओ, जादो, जाडोव असं सगळं सापडलंय. चव्हाणाचा चवान आणि चोहान होतो, पवाराचा पोवार, शिंद्याचा सिंदे. ळ आणि ण यांचं तर नावच काढू नका. गावाच्या शेवटच्या "गाव"चं जुन्या इंग्रजीत गॉम होतं. चिपळूण आणि देवरुखचंही स्पेलिंग आजच्यासारखं नसतं.

यावर माझा उपाय एकच, आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा बरा आहे: मोठ्याने वाचा. डोळ्यांनी वाचलंत तर स्पेलिंग दिसतं, तोंडाने वाचलंत तर गाव ऐकू येतं. जमलं तर त्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसासमोर वाचा. मी एक नाव पंधरा दिवस नकाशावर शोधत होतो. एसटी स्टँडवरच्या चहावाल्याने माझं पुटपुटणं ऐकून सांगितलं, "अहो, ती आमची वाडी." वाडी! शिपायाने गाव सांगितलंच नव्हतं, वाडी सांगितली होती. असं वारंवार होतं. तेव्हा फक्त महसुली गावांच्या यादीशी ताडून "असं गाव नाही" म्हणून मोकळे होऊ नका.

याद्या लागतातच, पण. जिल्हा जनगणना पुस्तिकेत तालुकावार सगळी गावं असतात. ती यादी छापून घ्या आणि हाताशी ठेवा. मात्र तिच्यावरची आजची हद्द तेव्हाची समजू नका. १९१४ च्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गाचा बराच भाग होता. तो वेगळा जिल्हा झाला १९८१ ला. कुडाळकडचा माणूस मात्र सावंतवाडी संस्थानाखाली लिहिलेला असेल. गुहागर चिपळूणच्या पोटात आणि मंडणगड दापोलीच्या पोटात शोधा. महाड-पोलादपूर कुलाब्यात. घाटावर वाळवा आणि तासगाव साताऱ्यात, कारण सांगली जिल्हा अजून जन्मायचा होता. आणि साताऱ्यातला "माण" म्हणजे गाव नव्हे, दहिवडीचा तालुका; "खटाव" लिहिलं असेल तर ते गाव की वडूजचा अख्खा तालुका, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. नोंद होती "शिरगाव, रत्नागिरी". तालुक्याचा पत्ता नाही. शिरगाव चिपळूण तालुक्यात आहे, रत्नागिरी तालुक्यात आहे, देवगडातही आहे. आडनाव चिपळूणच्या शिरगावात दिसलं म्हणून मी तो शिपाई तिकडचा ठरवून टाकला. देवळात नाव वाचलं. एका घरातल्या म्हातारीने "आमचेच ते" म्हणून डोळे पुसले, नारळ वाढवला. दोन वर्षांनी देवगडकडच्या एका घरात मला चांदीचं मेडल दाखवलं. कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण. तोच नंबर, तीच पलटण. मी चिपळूणला परत जाऊन त्या म्हातारीसमोर बसलो तेव्हा काय बोलायचं ते सुचेना. ती म्हणाली, "म्हणजे आमचा गेला तो कुठला?" याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे, आणि तो मोडणाऱ्याबरोबर मी काम करत नाही: एकमेकांशी संबंध नसलेले दोन पुरावे मिळाल्याशिवाय नाव चारचौघांत वाचायचं नाही. आडनाव जुळणं हा पुरावा नव्हे. कोकणात एका गावात चाळीस घरं एका आडनावाची असतात. नंबर हा पुरावा आहे, पण पलटणीसकट. कारण तोच नंबर दुसऱ्या पलटणीतही असतो.

दुसरा पुरावा घरात असतो. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, रुपयापेक्षा मोठं, एका बाजूला राजाचं तोंड. बिगारी आणि पाणक्यांना तेच ब्राँझचं. बहुतेक घरांतली चांदी कधीच सोनाराकडे गेली, बाईच्या पायातली जोडवी झाली. ज्यांनी ठेवलंय त्यांच्याकडे गेलात तर राजाचं तोंड बघत बसू नका, मेडल उभं धरा. अक्षरं कडेवर आहेत. झिजली असतील तर खोलीतला दिवा घालवून मोबाइलचा उजेड तिरका टाका. घरच्यांना सांगा की राख, चिंच, ब्रासो काही लावू नका. कौतुकाने घासघासून अक्षरं नाहीशी केलेली मेडलं मी पाहिलीत. मेलेल्या शिपायाच्या घरी याखेरीज ब्राँझची एक गोल थाळी यायची, साधारण बारा सेंटिमीटर रुंद, तिच्यावर बाई आणि सिंह, आणि चौकटीत शिपायाचं नाव, हुद्दा न लिहिता. एका घरात ती चुलीजवळ पाण्याच्या तांब्यावर झाकण म्हणून होती. उलटी ठेवलेली, त्यामुळे नाव पाण्याच्या बाजूला. घरातल्या कुणीही ते वाचलेलं नव्हतं.

घरात काही नसेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये फेरफार नोंदवही बघा. १९१६ ते १९२२ च्या वारस नोंदी काढा. बायकोचं नाहीतर लहान भावाचं नाव चढलेलं दिसेल. नोंदी मोडीत असतात. मोडी येत नसेल तर येणाऱ्याला घेऊन जा, अंदाजे वाचू नका. खोतीच्या गावात कुळांच्या घरची नोंद मिळेलच असं नाही. ऑफिसात तीन खेपा होतील, त्यात नवीन काही नाही.

एक भांडण मी प्रत्येक गावात करतो आणि तुम्हीही करा. यादी वाचायला घेतली की लोकांना फक्त वरच्या वाडीची नावं हवी असतात. मराठा पलटणी म्हणजे सगळे मराठेच हा गैरसमज. त्यांत दख्खनी मुसलमानांच्या तुकड्या होत्या. महारांची भरती सरकारने १८९० च्या दशकात बंद केली होती, ती महायुद्धात माणसं कमी पडल्यावर उघडली आणि १९१७ ला १११ महार उभी राहिली. १९२१ ला मोडूनही टाकली. नावाच्या शेवटी "नाक" दिसलं, म्हणजे महारांच्या नावांना तेव्हा लागायचं ते, तर ते बौद्धवाडीत जाऊन विचारायचं आहे. आणि किनाऱ्यावरच्या गावांनी खलाशी शोधावेत. बोटीवर बुडालेले पलटणीच्या कुठल्याच यादीत नसतात. त्यांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरजवळ इंडियन सेलर्स होममध्ये आहे, दोन हजारांवर लोकांचं. फरशीवरचा आकडा आणि तुमची यादी जुळत नाही म्हणून रडणाऱ्यांना मी विचारतो, खालच्या वाडीत गेला होतात का?

आकडा जुळला नाही तरी चालेल. जुळवण्यासाठी नावं घुसडू नका. कमिशनच्या नोंदी ३१ ऑगस्ट १९२१ ला थांबतात, घरी येऊन पुढे खंगून मेलेले त्यांत येत नाहीत.

फरशी साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. ॲसिड नको, अक्षरांत ऑइलपेंट तर मुळीच नको. नावांची वेगळी पाटी करा, जुन्या दगडाला हात लावू नका.

नावं वाचायच्या दिवसाबद्दल. ११ नोव्हेंबरचा, म्हणजे युद्ध थांबलं त्या तारखेचा, हट्ट सोडा. त्या दिवशी भातकापणी आटपत असते, चाकरमानी मुंबईत असतात, आणि तुम्ही, ग्रामसेवक आणि शाळेची पोरं एवढेच उभे राहता. शिमग्याला किंवा मे महिन्यात करा, गाव भरलेलं असताना. भाषण एकच ठेवा. नाव, बापाचं नाव, वाडी, पलटण, तारीख एवढंच वाचा आणि प्रत्येक नावानंतर थांबा.

तारीख वाचायला विसरू नका. ती का, ते मला एका घरात कळलं. तिथे दर सर्वपित्री अमावास्येला पणजोबांच्या भावाचं पान वाढतात, कारण तो कधी गेला ते कुणाला माहीत नाही. "लढाईवर गेला, आला नाही" एवढंच. माझ्या कागदावर २२ नोव्हेंबर १९१५ होतं, मेसोपोटेमियातल्या टेसिफॉनच्या लढाईचा पहिला दिवस. घरातल्या सुनेने विचारलं, "तिथी काय होती त्या दिवशी?" मी कधी बघितलंच नव्हतं. तिथेच मोबाइलवर जुनं पंचांग काढलं: कार्तिक वद्य प्रतिपदा, त्रिपुरी पौर्णिमेचा दुसरा दिवस. तिने ते कालनिर्णयच्या मागच्या पानावर बॉलपेनने लिहून घेतलं आणि मला विचारलं, "जेवायला थांबताय ना?"