जळणाची खोप: छपराआधी वाऱ्याचा विचार

मृग लागला की परड्यातलं जळण पडवीत कोंबायचं आणि वर ताडपत्री ओढायची, ही बेळगाव-खानापूर भागातली दरवर्षीची धावपळ. मग आषाढात तेच लाकूड चुलीत फसफसतं, टोकातून पाणी सोडतं आणि घरभर धूर करतं. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ते उडून पाचव्या हिश्श्यावर आलं की लाकूड चुलीजोगं झालं. त्याआधी जाळलं तर बरीचशी आच पाणी उकळण्यातच जाते. पत्रा पाऊस अडवतो, पण लाकडातलं पाणी काढतो तो वाराच.

आधी खोपीचं माप ठरवा. एक चूल आणि न्हाणीतला हंडा यांना दिवसाला आठेक किलो वाळलं लाकूड धरलं, तर पावसाळ्याच्या १२० दिवसांना साधारण १ टन लागतं. नीट रचलेली ९० घनफुटांची रास म्हणजे ढोबळमानाने तेवढंच. बाभूळ असेल तर वजन जास्त भरेल, आंबा असेल तर कमी. त्यामुळे खोप १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद घ्या आणि मधल्या खांबांनी तिचे ६-६ फुटांचे दोन कप्पे पाडा. एका कप्प्यात यंदाचं जळण, दुसऱ्यात पुढच्या वर्षीचं. दीड फुटी तुकड्यांच्या दोन ओळी, मध्ये वीतभर फट आणि रास ५ फुटांपर्यंत. जागा आहे म्हणून रुंदी वाढवली, तर मधलं लाकूड वर्षभर ओलंच राहतं.

जागा स्वयंपाकघराच्या भिंतीपासून १०-१५ फूट लांब असावी. भिंतीला टेकून रचलेल्या जळणातून वाळवी थेट घराच्या चौकटीत शिरते, आगीची धास्ती वेगळीच. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. म्हणून खोपीची पाठ पश्चिमेला आणि तोंड पूर्वेला ठेवा.

खांब ६ लागतात. दोन इंची लोखंडी पाइप दोन फूट खोल खड्ड्यात काँक्रीटने पक्के करा आणि बुडाशी काँक्रीटला बाहेर उतार द्या, नाहीतर पाणी साचून पाइप तिथेच गंजतो. लाकडी मेढी वापरायच्या असतील तर मातीत पुरू नका. चिऱ्याच्या जोत्यावर लोखंडी पट्टीत बसवा. पुढचे खांब जमिनीपासून साडेसात फूट, मागचे साडेसहा. समोरासमोरच्या प्रत्येक जोडीवर साडेसात फुटी तिरका पाइप टाका. तो पुढे दोन आणि मागे दीड फूट बाहेर राहील. त्यावर ४ आडवे पाइप आणि वर ८ फूट लांब, साडेतीन फूट रुंद असे ५ पत्रे. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, रबरी वायसरसह. खोलगट भागात मारलेला स्क्रू दुसऱ्याच पावसाळ्यात गळायला लागतो. पत्र्यावर पत्रा चढवताना सांध्याची कड वारा येतो त्याच्या पलीकडच्या बाजूला यावी. पागोळ्यांचं पाणी मागे पडणार, तिथे वीतभर रुंद चर काढून उताराला सोडा.

बुडाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. चिऱ्यांच्या रांगा दोन-अडीच फुटांवर मांडून जमिनीपासून निदान ९ इंच उंची घ्या. वर जुने वासे किंवा बांबू दोन-दोन इंच फट ठेवून टाका. सपाट कोबा करून त्यावरच लाकूड ठेवलं तर खालचे दोन थर दरसाल काळे पडतात, कारण ओल निघून जायला वाट नसते. चिऱ्यांच्या बाजू बाहेरून दिसत राहू द्या: वाळवी मातीची बारीक नळी करून चढते. करंगळीएवढी ओली रेघ दिसली की खराट्याने झाडून टाका. जळणावर कीटकनाशक किंवा जळकं ऑइल कधीही मारू नका. तोच धूर चुलीपुढे बसणारीच्या छातीत जातो.

पाठीची भिंत गावागणिक वेगळी. निपाणी-चिकोडीकडे इंचभर फटीच्या बांबूपट्ट्या पुरतात. जांबोटी, कणकुंबीच्या पावसात पट्ट्या खाली झुकवून एकावर एक चढवाव्या लागतात, म्हणजे पाणी ओघळतं आणि वारा आत येतो. पुढची बाजू उघडीच. प्लास्टिकने खोप चारी बाजूंनी गुंडाळली की आठवड्यात पांढरी बुरशी आलीच.

लाकूड मार्गशीर्ष-पौषात फोडा. पाणी सालीतून फारसं निघत नाही, ते कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगांतून निघतं. म्हणून तुकडे आखूड करा आणि मनगटाहून जाड असेल ते फोडाच. अकेशिया, नीलगिरी ओली असतानाच सोपी फुटते. डिसेंबर ते मार्च उघड्यावर उन्हात रचून ठेवा आणि वळीव यायच्या आत खोपीत हलवा. रचताना साल वर ठेवा, कडेला तुकडे आडवे-उभे रचून बुरूज करा, म्हणजे रास ढासळत नाही. शेणींचा हुडवा, म्हणजे रचलेला ढीग, वेगळाच घाला. त्या ओल लगेच ओढतात.

लाकूड वाळलं की टोकावर गाभ्यापासून सालीकडे चिरा जातात, साल नखाने सुटते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत वाजतात. ओल्या असतील तर नुसता ठप्प आवाज. खात्री हवी असेल तर राशीच्या मधल्या एका तुकड्यावर खूण करून दर रविवारी किराणाच्या काट्यावर तोला. सलग तीन रविवार वजन उतरलं नाही, तर तो कप्पा वापरायला काढा.

जळण वरून काढत या आणि अंधारात हात घालण्याआधी बॅटरी मारून काठीने आपटा. घोणस आणि विंचू या फटींत हमखास बसतात.